माझे दोन पाय गालिच्यावर

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच कबूल करते की या हकिगतीतले निम्मे मला कळलेले नाही. उरलेले निम्मे ज्या दोन साहेबांना कळले आहे असे मला वाटत होते, ते शेवटी एकमेकांनाच विचारत होते. तेव्हा मध्येच गोंधळल्यासारखे झाले तर घाबरू नका. नीट बसा. बसणे एवढ्याच विषयात माझे शिक्षण झाले आहे.

माझा जन्म सेंट हेलेना बेटावर झाला. चारी बाजूंना समुद्र, आणि मध्ये जी काही जमीन आहे ती सगळी उताराची. मला घडवले हेन्सिल यॉन नावाच्या सुताराने. त्याला हेन्सिल म्हणून कोणी हाक मारल्याचे मात्र मी ऐकले नाही. आमच्याकडे प्रत्येकाला टोपणनाव असते. फोन लावताना, चिठ्ठी पाठवताना, भांडतानाही तेच वापरतात. खरे नाव बाप्तिस्म्याला एकदा बाहेर काढायचे आणि दफनाच्या दिवशी पुन्हा. हेन्सिलचे टोपणनाव होते 'उद्या', कारण कोणतेही काम सांगितले की तो तेवढेच म्हणे. मुलगी डल्सी हिच्या बाप्तिस्म्यासाठी त्याने मला करायला घेतले आणि ती शाळेत जाऊ लागली तेव्हा मी पुरी झाले.

माझे लाकूड एका फुटलेल्या बोटीचे. बैठक घायपातासारख्या लांब पानांच्या दोराने विणलेली. 'उद्या'ने माप घेतले ते स्वतःच्या घरात. त्या घराची जमीन खिडकीकडे चढत जाते, म्हणून त्याने माझे पुढचे दोन पाय बोटभर आखूड ठेवले. त्या घरात, खिडकीकडे तोंड करून, मी अगदी सरळ उभी राहते. बाकी जगात कुठेही ठेवली की पुढे झुकते, आणि माझ्यावर बसलेला माणूस आता काहीतरी बोलणार आहे असे समोरच्याला वाटत राहते. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

चाळीस वर्षे डल्सी माझ्यावर बसून शिवणयंत्र चालवत होती. बेटावरच्या शाळेचे गणवेश, नवऱ्यामुलींचे झगे, बिशपांच्या पडद्यांची किनार, सगळे माझ्यावर बसून झाले. तिचे टोपणनाव 'टाचणी', कारण शिवताना तिच्या ओठांत टाचण्या असत आणि बोलताना त्या ती काढत नसे. तिची आई शेवटी शेवटी माझ्यावर बसत असे. तिची मुलगी वरीना माझ्यावर चढून फळीवरची साखर काढत असे. लोक म्हणायचे, "टाचणी, ही खुर्ची तेवढी एकच चीज तुझ्या बापानं वेळेवर केली." वेळेवर म्हणजे सहा वर्षांनी, पण कौतुक कौतुकच असते.

मग वरीना पलीकडच्या देशात गेली, जिथून आमचे विमान येते, आणि तिथेच लग्न करून राहिली. डल्सीची नजर कमी झाली. शिवणयंत्र कोपऱ्यात गेले आणि दुकानातून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आल्या. मला पडवीत ठेवले. तीन वर्षे माझ्यावर एक कोंबडी बसत होती. तिचे टोपणनाव 'राणीसाहेब'. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, फक्त एवढेच सांगते की शिंप्याच्या वजनाला एक दिशा असते आणि कोंबडीच्या नसते.

आता व्हिसा. मित्रांनो, व्हिसा म्हणजे काय ते मला विचारू नका. मला एवढेच समजले की तो कागद असतो आणि तो ज्या देशात जायला लागतो तिथेच मिळतो. पूर्वी आमची माणसे पलीकडच्या देशात तशीच जात असत. एके दिवशी तिथल्या सरकारने ठरवले की बेटाच्या रहिवाशांना व्हिसा लागेल. का, ते कोणी सांगितले नाही. त्याच महिन्यात वरीनाचा फोन आला की तिला दिवस गेले आहेत.

डल्सी माझ्याशेजारी पडवीत बसून पत्रे वाचत असे, मोठ्याने, कोंबडीला ऐकू जाईल अशी. पहिल्या पत्राचे उत्तर आले: अर्ज आमच्या राजधानीतील कचेरीत स्वतः हजर राहून द्यावा. डल्सीने विचारले, राजधानीत कशी येऊ? उत्तर आले: व्हिसा घेऊन. तिने विचारले, व्हिसा कुठे मिळेल? उत्तर आले: कृपया आमचे पहिले पत्र पाहावे.

अशी अकरा पत्रे झाली. बाळंतपणाला पाच शनिवार उरले. आमच्याकडे दिवस शनिवारांत मोजतात, कारण विमान शनिवारी येते, आणि तेही वाऱ्याच्या मनात असेल तर.

एवढ्यात बातमी आली की या व्हिशाविषयी वाटाघाटी होणार, आणि त्या जेम्सटाउनच्या सभागृहात होणार. आता बेटाला स्वतःचे कारभारी मंडळ आहे, पण बाहेरच्या देशांशी बोलायचे काम त्याचे नाही. ते दूरच्या मोठ्या सरकारचे. मोठ्या सरकारने मि. विदरिंग यांना पाठवले, पलीकडच्या देशाने मि. मोत्साई यांना. दोघे एकाच विमानातून शेजारी शेजारी बसून आले आणि नियमाप्रमाणे उतरेपर्यंत एकमेकांना ओळख दिली नाही. मंडळाने बेटाची प्रतिनिधी म्हणून डल्सीला निवडले. अकरा पत्रे लिहिल्यामुळे तिला परराष्ट्र व्यवहाराचा अनुभव आहे, असे त्यांचे मत पडले.

सभागृहात खुर्च्या मोजून ठेवल्या होत्या आणि बेटासाठी एकही नव्हती. म्हणून डल्सीने कोंबडीला उठवले, मला झटकले आणि टेम्पोत चढवले. आमच्याकडे रस्त्यात दिसेल त्याला हात करतात. डल्सी पुढे बसली होती, मी मागे एकटी, उभी. सगळ्यांनी मलाही हात केला.

पहिला दिवस माझ्यातच गेला.

"बाई, बेटाचे परराष्ट्र व्यवहार आम्ही बघतो," मि. विदरिंग म्हणाले. "तेव्हा तुम्ही हजर राहा, पण टेबलाला बसू नका."

"मग मी उभी राहते की."

"उभं राहिलं की निषेध केल्यासारखं दिसतं."

मि. मोत्साई यांनी कागद वर धरला. "माझ्या कागदावर समोरच्यांच्या सहीसाठी एकच ओळ आहे. टेबलाला दोन सरकारं बसली तर मला परत विचारून यावं लागेल."

"अहो, मी कुठलं सरकार? मी शिवणकाम करते."

"हे लेखी द्याल का?"

मला भिंतीशी ठेवले. सभागृहाची जमीन सपाट, त्यामुळे मी झुकले, आणि डल्सी माझ्याबरोबर झुकली. मि. मोत्साई दोन वाक्ये बोलले आणि थांबले. "बाई, तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"नाही हो. खुर्ची आहे ही."

आणखी दोन वाक्ये. "काही म्हणायचंय का?" असे सतरा वेळा झाले. मि. विदरिंग म्हणाले की प्रतिनिधीने बोलण्याच्या बेतात दिसणे हेही एक प्रकारचे बोलणेच आहे.

मार्ग काढला टेडी प्लेटोने. टेडी विमानतळावर बाहेरून येणाऱ्यांच्या परवान्यावर शिक्का मारतो, सभागृहात चहा देतो आणि रेडिओवर बातम्या वाचतो. त्याचे टोपणनाव 'अजून थोडं', ते जेवणावरून. टेबलाखाली एक जाड गालिचा होता. टेडी कपबशा ठेवता ठेवता म्हणाला, "टाचणी आंटीच्या खुर्चीचे पुढचे दोन पाय गालिच्यावर घ्या आणि मागचे दोन बाहेर ठेवा. म्हणजे बेट आलंही आणि नाहीही."

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. मला तसे ठेवले. आणि मित्रांनो, पुढचे आखूड पाय गालिच्यावर चढल्याबरोबर मी त्या परक्या सपाट खोलीत ताठ सरळ झाले. डल्सीही. मि. मोत्साई यांचे विचारणे थांबले. कराराचे पहिले कलम तिथेच लिहिले गेले: खुर्चीचे पुढील दोन पाय गालिच्यावर असताना सदर महिला हजर समजावी व तिने बोलू नये. माझे पुढचे दोन पाय वाटाघाटीत होते आणि मागचे दोन बाहेर. मला अभिमान वाटला, पण नेमका कोणत्या पायांत ते कळेना.

दुसऱ्या दिवशी बेटाच्या रहिवाशांना व्हिसा माफ करायचे ठरले, पण रहिवासी कोणाला म्हणावे यावर चर्चा झाली. जो बेटावर जन्मला तो, असे म्हणावे तर काही जण जहाजावर जन्मले होते. जो बेटावर राहतो तो, असे म्हणावे तर निम्मी माणसे दुसऱ्या बेटांवर कामाला होती. शेवटी दुसरे कलम झाले: ज्याचे नाव यादीत आहे तो रहिवासी. मग यादी कुठे आहे, असे मि. मोत्साई यांनी विचारले. ती कुठेच नव्हती. टेडीने दुपारच्या बातम्यांत सांगितले की ज्याला रहिवासी व्हायचे असेल त्याने फोन करावा, आणि संध्याकाळपर्यंत यादी तयार केली.

तिसऱ्या दिवशी मि. मोत्साई यांनी ती वाचायला घेतली.

"टाचणी. अजून थोडं. शिळा पाव. मधला दात. वरचा मधला दात." ते थांबले. "ही माणसं आहेत का?"

"मधला दात आणि वरचा मधला दात हे भाऊ आहेत, साहेब," टेडी म्हणाला. "एक वरच्या रस्त्याला राहतो."

"यांची खरी नावं?"

"ती कुणाला माहीत? मी विचारलं शिळ्या पावाला. तो म्हणाला, पासपोर्ट बघून सांगतो."

"दोनशे बारा नंबरला 'राणीसाहेब' आहेत. या कोण?"

डल्सीने मान खाली घातली. टेडी म्हणाला, "त्यांचा पत्ता टाचणी आंटींच्या पडवीतलाच आहे." कोंबडी असल्याचे तो बोलला नाही. ते कोणी विचारलेही नव्हते.

मि. मोत्साई यांनी यादी घडी करून ठेवली. अशा कागदावर आपले सरकार सही करणार नाही, ते म्हणाले. मि. विदरिंग यांनी खेद व्यक्त केला, दोन प्रतींत. वाटाघाटी संपल्या. गालिचा झटकायला आणि धुवायला नेला. डल्सीने मला टेम्पोत चढवले, आणि वाटेत तिने कोणालाही हात केला नाही. चाळीस वर्षांत मी असे पाहिले नव्हते.

शनिवारी विमान आले, धावपट्टीवर दोन घिरट्या घातल्या, वाऱ्याकडे पाहिले आणि परत गेले. मि. विदरिंग गव्हर्नरांच्या बंगल्यावर राहिले. मि. मोत्साई यांची खोली शनिवारपर्यंतचीच होती, म्हणून डल्सीने त्यांना वरीनाची खोली दिली. एव्हाना त्यांना नाव पडले होते. रोज भेटेल त्याला ते "मी शनिवारी निघतोय" असे सांगत, म्हणून ते 'शनिवार' झाले.

डल्सीने त्यांना एका भांड्यात शिजवलेला तिखट भात आणि माशाच्या वड्या वाढल्या. वरीनाविषयी ती एक अक्षर बोलली नाही. आपल्या ताटावर जेवणाऱ्या माणसाला काम सांगायचे नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. ती भात वाढत राहिली आणि मला वाटत होते, आता बोलेल, आता बोलेल. पण त्या घरात मी झुकत नाही ना.

जेवण झाल्यावर ते खिडकीशी माझ्यावर बसले. थोडे मागे रेलले. थोडे पुढे. मग खाली वाकून त्यांनी माझे पाय पाहिले.

"ही इथे झुकत नाही."

"इथलीच आहे ती," डल्सी म्हणाली आणि ताटे उचलून आत गेली.

सोमवारी दोन्ही साहेब कागद आवरायला सभागृहात आले. मलाही आणले, कारण पहिले कलम अजून कोणी रद्द केले नव्हते. गालिचा दोरीवर वाळत होता. मला तशीच जमिनीवर ठेवली. डल्सी बसली आणि आम्ही झुकलो.

टेडीने मि. मोत्साई यांच्यापुढे कप ठेवला. "साहेब, हा चहा मी चहावाला म्हणून दिला. आता बोलतो ते परवान्यावाला म्हणून. तुमचा परवाना काल संपला."

"विमान आलं नाही."

"हो, ती बातमी मीच वाचली."

"मग मुदत वाढवून दे."

"देतो की. अर्ज बेटाबाहेरून करायचा आणि इथे स्वतः हजर राहून द्यायचा."

"मी बाहेर राहून इथे हजर कसा राहणार?"

"आम्हीही तेच विचारत होतो, साहेब. अकरा पत्रांत. नियम तुमचाच आहे. मोठ्या सरकारनं बरोबरी राखायची म्हणून शब्द न् शब्द उतरवून घेतला."

मि. मोत्साई मि. विदरिंग यांच्याकडे वळले. मि. विदरिंग म्हणाले, "परवाना ही बेटाची अंतर्गत बाब. मी फक्त परराष्ट्र बघतो."

"मी परराष्ट्रच आहे."

"बेटाबाहेर असतात तर नक्कीच."

मि. मोत्साई यांनी चहात आणखी एक चमचा साखर घातली. ते वाईट गृहस्थ नव्हते, मित्रांनो. त्यांना सांगितले होते तेवढे ते करत होते, आणि सांगणाऱ्याला कोणी सांगितले होते ते मला ठाऊक नाही.

"एक रस्ता आहे," टेडी म्हणाला. "रहिवाशाला परवाना लागत नाही. कलम दोन. तुमचं नाव यादीत आहे, अगदी शेवटी. 'शनिवार'. मी नाही घातलं, लोकांनी फोन करून घातलं. एकदा टोपणनाव पडलं की माणूस इथला. फक्त यादीवर अजून सही नाही."

"कोणाची?"

"तुमची."

मि. मोत्साई यांनी यादी उघडली, आपले नाव पाहिले, पुन्हा मिटली. अशा कागदावर सही करून घरी काय सांगायचे, हा प्रश्न त्यांना पडल्याचे त्यांच्या बुटांवरूनच दिसत होते. मला माणसांचे बूटच जास्त दिसतात. मग त्यांनी सवयीने वर पाहिले. समोर डल्सी, पुढे झुकलेली.

"बाई, तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"हो," डल्सी म्हणाली.

मी अठरा वेळा तो प्रश्न ऐकला होता. उत्तर पहिल्यांदाच वेगळे आले.

"माझी वरीना तुमच्या राजधानीत आहे. तेवीस तारीख दिलीये तिला, म्हणजे दोन शनिवार राहिले. फोनवर ती मला वारा कसा आहे ते विचारते. ये म्हणून एकदाही म्हणाली नाही, मला येता येणार नाही हे तिला माहितीये. ती झाली तेव्हा माझी आई या खुर्चीवर बसून होती, माझा हात धरून. काही केलं नाही तिनं. नुसती बसली होती. मलाही तेवढंच करायचंय. तुमच्या देशात एक बाई जाऊन बसेल, आणि मग परत येईल."

मि. विदरिंग यांनी लेखणी उचलली आणि पुन्हा ठेवली.

"गालिचा नाही," ते हळूच म्हणाले. "कलम एकप्रमाणे या बाई इथे हजरच नव्हत्या. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, आणि मला त्यावर हरकतही घेता येत नाही." त्यांनी इतिवृत्तात लिहिले: या वेळी सभागृहात शांतता होती. लिहून झाल्यावर त्यांनी नाक शिंकरले. ते इतिवृत्तात नाही.

मि. मोत्साई यांनी डल्सीला विचारले, "खुर्ची पण नेणार?"

"नाही. तिथली जमीन तिला मानवायची नाही."

मग त्यांनी सही केली. ज्याची सही, त्याचे नाव यादीत, आणि यादी मान्य झाली म्हणून सही करताना त्यांचे तिथे असणे कायदेशीर. यातले आधी काय आणि मागून काय, हे मी तेव्हापासून लावून पाहते आहे. मी लाकडाची आहे, मला वेळ भरपूर आहे, तरी लागत नाही. यादीतल्यांना व्हिसा लागत नाही एवढे नक्की. दोनशे बारा नंबरची कोंबडीही आज हवे तेव्हा जाऊ शकते. तिची इच्छा नाही.

पुढच्या शनिवारी विमान उतरले. डल्सी आणि 'शनिवार' एकाच रांगेत बसून गेले. तिच्या पिशवीत टेडीने दिलेला दाखला होता: टाचणी ती हीच. असा दाखला मि. मोत्साई यांनीही मागून घेतला, स्वतःच्या देशात शिरताना लागला तर असावा म्हणून.

माझे म्हणाल तर सभागृहाने मला ठेवून घ्यायचे ठरवले, ऐतिहासिक म्हणून. पण मी बेटाची मालमत्ता की मोठ्या सरकारची, हे ठरेना. आत ठेवले तर एक नाराज, बाहेर ठेवले तर दुसरे. दोन महिने मी दारात होते, दोन पाय आत आणि दोन बाहेर. पाऊस अर्धाच लागला. कोणी पुसले नाही.

मग एका शनिवारी डल्सी परत आली. बरोबर वरीना, आणि वरीनाच्या हातात सहा आठवड्यांची मुलगी. पुढचे मी टेडीच्या तोंडून ऐकले, कारण तो ते अजून सगळ्यांना सांगतो. तो शिक्का घेऊन बसला होता.

"हिचं नाव यादीत नाही," तो म्हणाला.

"अरे, कसं असेल? ही झालीच परवा."

"नाव काय?"

"ठरलं नाही अजून," वरीना म्हणाली.

"खरं नाव कोण विचारतंय? आपलं सांग."

"आपलं तर इथे आल्यावर पडणार ना."

टेडी अडचणीत पडला. त्याने बाळाकडे पाहिले. बाळाने मान पुढे काढली, भुवया वर केल्या, तोंड उघडले, आणि काहीच म्हटले नाही.

"ही अशीच आहे का?"

"दिवसभर," डल्सी म्हणाली. "आता बोलेल, आता बोलेल, असं वाटत राहतं."

"मग झालं," टेडी म्हणाला, आणि यादीत 'शनिवार'च्या खाली लिहिले: खुर्ची. आणि शिक्का मारला.

त्याच दिवशी डल्सीने मला दारातून उचलले, कोणाला न विचारता, आणि घरी आणून खिडकीशी ठेवले. मी सरळ झाले. आता वरीना माझ्यावर बसून त्या मुलीला झोपवते. घरात कोणी म्हणते, "खुर्चीला भूक लागलीये," कोणी म्हणते, "खुर्चीला पुसून काढ." मी इतकी वर्षे काही मागितले नाही, म्हणून पहिल्यांदा दचकले. मग सवय झाली. कधीकधी चुकून मलाही पुसतात.

मित्रांनो, आता माझे मागणे. तुमच्या घरात एखादी झुकणारी खुर्ची असेल तर तिच्या पायाखाली कागद कोंबण्याआधी एकदा विचार करा, की ही कोणत्या जमिनीसाठी केलेली होती. तिच्यावर कोणी बसले असेल तर त्याला विचारा, काही म्हणायचे आहे का. सतरा वेळा नाही म्हणाला तरी अठराव्यांदा विचारा. आमची बैठक सैल झाली की नवा दोर भरा, आणि आम्हाला अर्धवट पावसात सोडू नका. आणि आमच्या घरी आलात, नि कोणी म्हणाले, "जरा खुर्चीला उचलून घे," तर आधी बघा, दोघींपैकी रडते आहे कोण.